तांदळाच्या डब्यातलं बाळ

मंगळवार, ३० मे १९१६
इमामभाई मूर्ती रंगवून वडगावला परत गेले. नऊ वर्षं तेच येतात. शाळेचा पालक संत अंतोनी, पण त्याचा झगा किती तपकिरी हे ठरवणारे इमामभाई. संताच्या हातावरचं बाळ येशू वेगळं रंगवतात, मग खुंटीवर बसवतात. मी समोरच होते. गाल यंदा फारच लाल. म्हटलंही तसं. तर म्हणाले, "नातीचं तोंड काढलंय, बाई. तीन वर्साची हाय. सणाला आणतो, मग बघा गाल."
रंग वाळेपर्यंत मूर्तीवर चादर. ती १३ जूनला संताचा सण, त्याच्या आदल्या दिवशी निघेल.

शुक्रवार, २ जून
पास्कलचं पत्र नाही. धाकटा भाऊ माझा, बसऱ्याच्या लष्करी इस्पितळात चाकरीला. चार महिने झाले. पोस्टमन आता मला पाहिलं की लांबूनच हात हलवतो. आज म्हणाला, "बाई, आलं तर मी काय खानार हाय व्हय ते?"
आईची आठवण. वसईला तिचं कानातलं हरवलं, तेव्हा तिने घरच्या अंतोनीच्या हातातलं बाळ काढून लपवलं होतं. माझी वस्तू दे, तुझं बाळ घे. हरवलेलं शोधून देणारा संत, त्याच्याशी आमच्याकडच्या बायका असंच वागतात. तिसऱ्या दिवशी कानातलं चुलीमागे सापडलं.

शनिवार, ३ जून
केलं. दुपारी चॅपेलमध्ये कोणी नव्हतं. चादरीखाली हात घातला, खुंटी फिरवली, बाळ हातात आलं. जुन्या पोलक्यात गुंडाळून तांदळाच्या डब्यात ठेवलंय. वय बेचाळीस, मुलींना धर्मशिक्षण देते, आणि हे उद्योग. सणाआधी परत ठेवायचंच.

शनिवार, १० जून
पत्र नाही. बाळ आज ठेवायला हवं होतं. आणखी दोन दिवस बघू म्हटलं. भात करताना डब्यात हात घालायची भीती वाटते.

सोमवार, १२ जून
संध्याकाळी निघायची चादर सकाळीच निघाली. उद्या सणाला संस्थानच्या दरबारचे पाहुणे येणार, म्हणून फादर घाईत. सगळी शाळा समोर उभी. संताचा हात रिकामा.
फादरनी विचारलं, मूर्तीला शेवटचा हात कुणाचा लागला?
गणू शिपाई म्हणाला, "त्या इमामाचा की. दुसरं कोन शिवतंय?"
मी पहिल्या रांगेत होते. तोंड उघडलं. आणि मुलींना संताचं गाणं सुरू करून दिलं.
गाणं. देवा.

मंगळवार, १३ जून
सण. इमामभाई नातीला घेऊन आले. फादरनी फाटकातच थांबवलं. आवाज चढवला नाही, इतकंच म्हणाले की यापुढे काम दुसऱ्याला देऊ. इमामभाईंना आधी कळेचना. मग कळलं. "मी नमाजी मानूस, फादरसाब. दुसऱ्याचं देव नेऊन मी काय करू?"
मी तिथेच गरिबांना सणाचे पाव वाटत होते. पोरगी माझ्याकडे आली, तिला पाव दिला. गाल खरंच तसेच. इमामभाईंनी तिच्या हातातून तो हळूच घेतला आणि माझ्या टोपलीत परत ठेवला. त्यांना वाटतं मीही त्यांना चोर मानते.
आज उपाशी.

गुरुवार, २२ जून
पास्कलचं पत्र. ताप आला होता, आता बरा आहे, लोणचं मागतोय. आधी हसले, मग रडले, मग तांदळाचा डबा दिसला. संताने आपलं वचन पाळलं.

शुक्रवार, २३ जून
दुपारी बाळ खुंटीवर बसवलं. तासाभरात गणूची बोंब. फादर म्हणाले, "पश्चात्ताप झाला असेल. आणून ठेवलं बिचाऱ्याने." गणू म्हणाला, "मी म्हनलं नव्हतं?"
काल निदान संशय होता. आज मी तो पक्का करून दिला. अक्कल गहाण ठेवून वागले, दुसरं काय.

शनिवार, २४ जून
कुमसाराला गेले, पापं कबूल करायला. जाळीशी गुडघे टेकून फादरना सगळं सांगितलं, तांदळासकट. फादर म्हणाले, "ज्याचं नाव गेलं, त्याला ते परत द्यायचं. हेच प्रायश्चित्त."
कुमसारातलं त्यांना बाहेर बोलता येत नाही, इमामभाईंची माफीसुद्धा मागता येत नाही. अंगणात समोरासमोर आलो, तर फादर खाली बघून गेले. त्यांच्या गळ्यातही मी धोंडा बांधला.

मंगळवार, २७ जून
वडगावला जाऊन आले. इमामभाई ओट्यावर बेंदराच्या सणाचे लाकडी बैल रंगवत होते. उभ्यानेच सांगितलं. कुंचला थांबला नाही. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मला सांगून काय, बाई? मी घेतलं न्हाय हे मला म्हाईतच हाय की. ज्यांस्नी म्हाईत न्हाय त्यांस्नी सांगा."
सुनेने पाणी दिलं. पोरगी दाराआडून बघत होती. मी लोणच्याची बरणी नेली होती, ती तशीच परत आणली. द्यायची लाज वाटली.

रविवार, २ जुलै
मिस्सा संपल्यावर फादर वेदीजवळ थांबले. "कुणाला काही सांगायचं आहे?" कधी विचारत नाहीत. बायकांच्या बाकांकडे बघत होते.
मी उठले. खरंच उठले. आणि मुलींना वाटलं बाई खूण करताहेत. गाणं सुरू झालं. चारही कडवी. मी थांबवायला हवं होतं. थांबवलं नाही. शेवटच्या कडव्याला मीही गात होते.
फादर मेणबत्त्या विझायच्या आत निघून गेले.

मंगळवार, ४ जुलै
आज गाण्याच्या तासाला मुलींना सांगितलं. येत्या रविवारी बाई उभ्या राहिल्या तर गायचं नाही.
एकीने विचारलं, "मग काय करायचं, बाई?"
म्हटलं, ऐकायचं.