डोंगरावर साखळी

१२ सप्टेंबर १९६६
डेल्बर्टला नोकरी लागली. बुलडोझरवर. दोन बुलडोझर, मध्ये जहाजाच्या नांगराची साखळी – डोंगरावरून ओढत न्यायची, पिन्यन पाइनची झाडं मुळासकट आडवी. मग गवत पेरणार, गोऱ्यांच्या गुरांसाठी. "कुठला डोंगर?" विचारलं. खाली बघून जेवत राहिला.

१३ सप्टेंबर
आमचाच. आई लहानपणापासून तिथे पिन्यनच्या खायच्या बिया वेचते. आजीला तिथेच पुरलंय.
"ताई, मी नाही तर दुसरा कुणी जाईल."
"जाऊ दे दुसऱ्याला. तू गेलास तर माझ्या दारात येऊ नकोस."
सख्खा भाऊ! आई टोपली विणत राहिली.

१९ सप्टेंबर
सकाळपासून घरघर. आम्हा शोशोनी आदिवासींना कोण विचारतं? आठ दिवस थांबले असते तर बिया तरी हाती लागल्या असत्या.

२० सप्टेंबर
डेल्बर्ट दुपारी आला. धुळीनं माखलेला. "ताई, पाणी दे जरा." मी कडी लावून घेतली. बराच वेळ उभा होता.

२२ सप्टेंबर
काम बंद आहे. का, कुणास ठाऊक.

२४ सप्टेंबर
आईला घेऊन वर गेले. झाडं उपडी, मुळं उन्हात. कवेत न मावणारी खोडं. आई बसली, पडलेल्या फांद्यांवरचे बियांचे शंकू तोडू लागली.
"कच्चे आहेत गं."
"दिसतंय मला." डिंकानं हात काळे झाले तरी थांबेना.
मग चढाला लागली. आजीच्या थडग्याभोवती झाडं उभी होती – मोजली, सव्वीस. बुलडोझरचे माग त्यांच्यापर्यंत येऊन थांबलेले.
आई म्हणाली, "मीच त्याला कामावर जा म्हटलं. परका ड्रायव्हर या थडग्यापाशी कशाला थांबतोय?"
"मला का नाही सांगितलंस?"
"तू गावभर केलं असतंस, लोव्हीना. मग त्याला घेतलं असतं का कामावर?"
शंकूंची टोपली घेऊन दोघी खाली उतरलो.

२५ सप्टेंबर
दुकानात बुलडोझरवाल्यांचा मुकादम भेटला. म्हणाला, डेल्बर्टनं साखळी सोडली, बुलडोझर झाडांपुढे आडवा घातला, किल्ली फेकून दिली. वीस तारखेलाच हाकलला. म्हणजे तिथून तो सरळ माझ्याकडे आला होता. त्यानंतर कुणाला दिसलेला नाही.

२६ सप्टेंबर
नवा ड्रायव्हर आला. दुपारपर्यंत सव्वीसच्या सव्वीस गेली. वाटलं, आई कोसळेल. ती म्हणाली, "झाडांचं राहू दे. आधी माझ्या पोराला शोधून आण." निघते.