भाकरवाल्यांची पंगत

भैंसा (तेलंगण)

आई, तुले जयभीम, अन् पत्र वाचून दाखवणाऱ्या खुशाललेही.

मी मजेत हाय. दंगल निवली, बाजार उघडला, कापसाच्या गाड्याही येऊन राह्यल्या. होस्टेलच्या फाटकावर अजून पोलीस हाय, पण तो पेंगतच असते. बापूचा खोकला कसा हाय?

दंगलीपासून जेवाले हिंदू पोरी एकीकडे, मुसलमान पोरी दुसरीकडे बसत होत्या. मी ताट घेऊन मधातच उभी. परवा वाढणाऱ्या मालनबाई चिडल्या, "भाकरीचं टोपलं दोन्हीकडे फिरवून माझे पाय गेले! भाकरवाल्या इकडे बसा, भातवाल्या तिकडे!"

झालं! नसीम उठून माझ्यापाशी आली. रेणुका देशमुखही आली, जी आधी माझ्यापासून हातभर लांब बसे. मंग नसीम म्हणाली, "जरा ठेचा दे ना." रेणुकानं दिला. तवापासून तसंच बसून राह्यलो.

घरी ये म्हणू नको, परीक्षा देऊनच येईन. तुह्या हातचा ठेचा मात्र जास्त पाठव.

तू विचारलं, पंगतीत आपल्यावाल्या किती असतात? आई, भाकर पुरत नाही, इतक्या.

तुही लेक,
विशाखा