शेवटच्या नळापर्यंत

खैरवाडा, जि. वर्धा
५ ऑगस्ट २०२५

चि. सिद्धांत यास,
बाबांचा सप्रेम जयभीम व आशीर्वाद. वि. वि.

पत्रास कारण की, परवाच्या रविवारी मी तुझा फोन वाचला. हो, वाचला. आठ वर्षं घासून तू जो जुना फोन माझ्या गळ्यात मारलास, त्यावर बँकेतल्या पोरीनं एक ॲप टाकून दिलं. बहिऱ्या मुलांच्या शाळेतल्या कुण्या मास्तरांनी बनवलंय म्हणे. समोर कुणी मराठीत बोललं की पडद्यावर मोठाली अक्षरं उमटतात. आईचा फोन स्पीकरवर ठेवला, त्याच्या शेजारी हा ठेवला, आणि सहा वर्षांत पहिल्यांदा तू काय बोलतोस ते मला कळलं. दहा मिनिटांत एकोणीस वेळा 'अच्छा' म्हणालास. दिल्लीचं पाणी चांगलंच लागलंय तुला.

पंपहाउसच्या घरघरीत एकतीस वर्षांत कान गेले ते गेलेच. कानातलं यंत्र नुसत्या शिट्ट्या मारतं. आजवर आईचा आणि माझा संसार पाटीवर चालला होता. पाटीवर भांडताही येत नाही रे, वाक्य पुरं होईस्तोवर राग निघून जातो. आता आम्ही तोंडानं भांडतो. तुझ्या आईसाहेब कौसल्याबाई खूश आहेत.

आता माझी पत्रं कमी होतील, रुसू नकोस. तब्येत सांभाळ, बाहेरचं कमी खा.

तुझा,
बाबा (भाऊराव)


गाझियाबाद
२४ ऑगस्ट २०२५

ती. बाबांस,
सिद्धांतचा सविनय जयभीम. वि. वि.

तुमचं पत्र वाचून इतका आनंद झाला की ऑफिसात सगळ्यांना हिंदीत भाषांतर करून सांगितलं. पण पत्रं बंद करू नका. माझं रडगाणं ऐकणारं दुसरं आहे कोण? आईला सांगायला गेलं की ती म्हणते, लग्न कर म्हणजे सगळं सुचेल.

मी नेमकं काय करतो ते तुम्ही मागे विचारलं होतं. ॲप एकदाच लिहायचं आणि ते अँड्रॉइड, आयफोन, विंडोज सगळीकडे चालवायचं, अशी एक चौकट आहे. लिहिलेल्याचं खरंखुरं ॲप बांधून देणारं साधन आमची टीम सांभाळते. काळ्या खिडकीत एक ओळ टाइप करायची, एंटर मारायचं, पुढचं सगळं ते करतं. ॲप बांधलं गेलं तर आमची कुणाला आठवण नाही. अडलं की जगभरातून शिव्या. या आठवड्यात एकाच्या फोल्डरच्या नावात मोकळी जागा होती म्हणून साधन अडलं. ते दुरुस्त केलं तर विंडोजवाल्यांचं मोडलं. विंडोजचं जुळवलं तर मॅकवाले ओरडायला लागले. दिमाग खराब! एक भोक बुजवावं तर दोन फुटतात.

म्हणून आता सफाई काढलीय. आठ-दहा वर्षं जुन्या फोनांसाठी ॲप बांधायची जी सोय साधनात आहे, ती काढून टाकतोय. आकडे बघितले, वापरणारे जवळजवळ शून्य. आमचा टीम-लीड अंशुमन म्हणाला की मढं किती दिवस सांभाळायचं. मीच खोडतोय, अकरा हजार ओळी आहेत. यार, खोडताना काय मजा येते म्हणून सांगू!

अशोक विजयादशमीला नक्की येतो. तिघं मिळून दीक्षाभूमीवर जाऊ. आईला सांगा आणि तुमची माया अशीच राहू द्या.

तुमचा,
सिद्धांत


खैरवाडा
२ सप्टेंबर २०२५

चि. सिद्धांत यास,
सप्रेम जयभीम व आशीर्वाद. वि. वि.

तुझं काम कळलं. म्हणजे तूही माझ्यासारखा वॉल्व्हमनच. एकतीस वर्षं नळाला पाणी आलं तर कुणी भाऊरावला हार घातला नाही, एक दिवस आलं नाही की मुख्याधिकाऱ्यापासून न्हाव्यापर्यंत सगळे माझ्या नावानं खडे फोडायचे.

पण त्या सफाईवरून एक आठवलं, ते सांगतो. चौऱ्याण्णव साली मीही अशीच सफाई काढली होती. वेशीबाहेरची जुनी बिडाची लाइन, जागोजागी गळायची. नकाशात तिच्यावर एक कनेक्शन नाही. मी वॉल्व्ह बंद केला, झाकण ठोकलं आणि मस्त चहा प्यायलो. चार दिवसांनी कळलं की तिच्या टोकाला वीटभट्टीवरच्या आठ घरांचा एक नळ होता. मीटर नाही, नोंद नाही. बाया चार दिवस नाल्याचं पाणी भरत होत्या. तक्रारीला कुणी आलं नाही, कारण नगरपालिकेचं दार आपल्यासाठीही आहे हेच त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यातली दोन लेकरं दवाखान्यात होती. ती वाचली, नाहीतर मी आज कुठल्या तोंडानं तुला पत्र लिहिलं असतं कोण जाणे.

तेव्हापासून नेम केला. वॉल्व्ह बंद करायच्या आधी शेवटच्या नळापर्यंत चालत जायचं. मीटर फक्त मीटरवाल्यांचं पाणी मोजतं, बाबा.

आईनं तुझ्यासाठी उन्हाळ्यातले सांडगे राखून ठेवलेत. ये लवकर.

तुझा,
बाबा


गाझियाबाद
१२ ऑक्टोबर २०२५

ती. बाबांस,
सविनय जयभीम. वि. वि.

आधी कान पकडतो. सुट्टी मंजूर होती, तिकीट हातात होतं आणि तीस तारखेला आमची नवी आवृत्ती बाहेर पडली. पडली म्हणजे आपटलीच. तीन देशांतल्या कंपन्यांची ॲपं बांधली जाईनात. तिकीट रद्द केलं. इथं दसऱ्याचे फटाके फुटत होते आणि मी काळ्या खिडकीपुढे. आईला फोन करायचं धाडस झालं नाही. तुम्हीच समजवा.

वॉल्व्हचं म्हणाल तर पाइप वेगळे, सॉफ्टवेअर वेगळं. आमचे नळ ब्राझीलपासून जपानपर्यंत. चालत कुठवर जाऊ?

त्यात एक महाशय हात धुऊन मागे लागलेत. जयदीप नाव. जुन्या फोनांची सोय परत द्या म्हणून रोज तक्रार लिहितात. पहिल्यांदा नीट उत्तर दिलं की जुनी आवृत्ती वापरा. म्हणाले, ती आता नव्या गोष्टींशी जुळत नाही. मग म्हणे माझं ॲप वापरणारी माणसं म्हातारी आहेत, त्यांच्याकडे मुलांनी टाकून दिलेले फोन असतात. नऊ वेळा तेच! नवव्या वेळी माझं डोकंच फिरलं. मी लिहिलं की मग त्या मुलांना सांगा नवे फोन घेऊन द्यायला. तक्रार बंद केली आणि वर कुलूप ठोकलं, आता तिथं त्यांना लिहिता येत नाही. दोन दिवस शांत झोपलो.

तुमची भांडणं जोरात चालू असतील. ॲपवर आईचा आवाज वाचून तिच्या वतीनं मला शिव्या द्या. राग धरू नका.

तुमचा,
सिद्धांत


खैरवाडा
४ नोव्हेंबर २०२५

चि. सिद्धांत यास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं. उत्तराला उशीर झाला. आता सरळ लिहितो.

माझं ॲप सव्वा महिन्यापासून बंद आहे. बनवणारे मास्तर अकोल्याचे, नाव जयदीप. त्यांनी आम्हा सगळ्यांना निरोप धाडला होता. आवाजाची अक्षरं करून देणाऱ्या कंपनीनं काहीतरी बदललं, म्हणून ॲप नव्यानं बांधावं लागतं, आणि बांधायचं साधन आता जुन्या फोनांसाठी बांधून देत नाही. वर दाद मागितली तर वरच्यांनी सांगितलं की मुलांना नवे फोन घेऊन द्यायला सांगा. असं लिहून मास्तरांनी आमचीच माफी मागितली होती.

तो निरोप वाचला तेव्हा त्या वरच्याला मी मनातल्या मनात काय काय बोललो ते लिहीत नाही. मग तुझं पत्र आलं.

मला राग आला, सिद्धांत. ॲप गेलं त्याचा नाही, सहा वर्षं पाटीवर काढली तशी आणखी निघतील. कुलूप ठोकून तू शांत झोपलास, त्याचा आला. आई पाटीवर विचारत होती की पत्रात काय आहे. मी सांगितलं, दिल्लीची हवा खराब आहे.

नवा फोन पाठवू नकोस, परत करीन. माझ्या एकट्याचा प्रश्न असता तर लिहिलंही नसतं.

एक मात्र बरं करतोस. दर रविवारी तुझा फोन येतो असं आई पाटीवर लिहिते. मी विहिरीवर असतो तेव्हाच नेमका येतो म्हणे. तेवढा नेम मोडू नकोस.

बाबा


गाझियाबाद
३० नोव्हेंबर २०२५

ती. बाबांस,
सविनय जयभीम. वि. वि.

तुमचं पत्र लिफ्टमध्ये उघडलं आणि दहाव्या मजल्यावर उतरायचंच विसरलो. वर-खाली दोनदा फिरलो. लाज वाटली, दुसरा शब्द नाही. टाकून दिलेला फोन माझा, टाकणारा मुलगाही मीच.

दुसऱ्याच दिवशी अंशुमनकडे गेलो. त्यानं पुन्हा आकडे काढले. मी विचारलं की हे आकडे येतात कुठून. तर जी साधनं वापराची माहिती आमच्याकडे परत पाठवतात, तेवढ्यांचेच येतात. शाळेचं नेट रडतखडत चालतं म्हणून जयदीप सरांनी ती माहिती पाठवणं बंद ठेवलं होतं. म्हणजे मीटरच नव्हतं, बाबा. मी म्हणालो, सोय परत घालतो. तो म्हणाला की बिल्कुल नाही, एका माणसासाठी अख्खी टीम राबणार नाही. आवाज चढले. हवेमुळे अर्धं ऑफिस घरून काम करत होतं, त्यांनीही ते कॉलवर ऐकलं.

शेवटी स्वरूपा म्हणून माझ्यासोबत काम करते, तिनं तोड काढली. मुख्य साधनाला हात लावायचा नाही. जुन्या फोनांची सोय वेगळा जोड म्हणून द्यायची, वर माझं नाव, मोडलं तर मी दुरुस्त करायचं, तेही सुट्टीच्या दिवशी. अंशुमन तयार झाला. मग तीन आठवडे त्याच अकरा हजार ओळी घेऊन बसलो. खोडल्या होत्या चार दिवसांत, पण परत जुळता जुळेनात. तपासायला ऑफिसात इतका जुना फोनच नव्हता. घंटाघराजवळच्या एका दुकानात मिळाला, तुमच्याकडे आहे तोच. दुकानदार हसत होता, म्हणाला की ये तो दादाजी लोगों का मॉडल है.

पाच वेळा ॲप उघडून लगेच मिटलं. शुक्रवारी दुपारी उघडलं आणि टिकलं. बोलून बघायचं तर तोंडातून 'अच्छा' एवढंच निघालं. त्यानं तेवढंच लिहिलं.

जयदीप सरांच्या तक्रारीवरचं कुलूप काढलं आणि तिथंच, सगळ्यांसमोर, माफी मागितली. मग त्यांना फोन केला. ॲपवर चारशेच्या वर माणसं आहेत. ते एका शब्दानं रागावले नाहीत, त्यामुळे आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढच्या शनिवारपर्यंत ते सगळ्यांना नवं ॲप पाठवतील.

आईशी रविवारचं बोलणं होत असतं, काळजी नसावी. रागावला असाल तरी पत्र लिहा.

तुमचा,
सिद्धांत


खैरवाडा
९ डिसेंबर २०२५

चि. सिद्धांत यास,
बाबांचा सप्रेम जयभीम व अनेक आशीर्वाद. वि. वि.

सहा तारखेला विहारात अभिवादन करून घरी आलो तर मास्तरांचा निरोप आला होता. बँकेतल्या पोरीनं नवं ॲप टाकून दिलं. चालतंय. शाब्बास! चूक सगळेच करतात, टोकापर्यंत उलटं चालत येणारे थोडे. माझा राग गेला, हे आधी लिहितो, कारण पुढचं वाचून तुला वाटेल की गेला नाही.

ॲप चालू झाल्याचं आईला लगेच सांगितलं नाही. म्हटलं, एक दिवस गंमत करू. रविवारी ओट्यावर पेपर वाचत बसलो होतो, फोन मांडीवर. आई आणि शेजारच्या ठकूबाई मेथी निवडत होत्या. माझ्यासमोर काहीही बोललं तरी चालतं, अशी दोघींना सवयच झालेली. ठकूबाईंनी विचारलं की पोराचा फोन आला का. आई म्हणाली की ऑगस्ट संपल्यापासून एकही नाही. दर रविवारी फोन पदराला बांधून फिरते. आपण लावला तर तो मीटिंगमध्ये असतो. ठकूबाईंनी विचारलं, मग भाऊरावांना काय सांगता. तर म्हणाली की आला होता म्हणून पाटीवर लिहिते, नाहीतर ते नीट जेवत नाहीत.

हे सगळं मोठाल्या अक्षरांत माझ्या मांडीवर उमटत होतं. तुझं साधन चोख काम करतं, एक शब्द सुटला नाही. थोड्या वेळानं ती आत गेली आणि पाटी घेऊन आली. सिद्धांतचा फोन आला होता, खुशाल आहे, तुमची चौकशी करत होता. मी मान हलवली आणि दोन भाकरी जास्त खाल्ल्या. एवढ्या लांब ब्राझीलपर्यंतचे नळ तपासतोस, एक खैरवाड्याचा राहिलाच.

ॲप सुरू झाल्याचं तिला अजून सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस आणि आता घाईघाईनं फोन तर मुळीच करू नकोस. तिकीट काढ. रविवारी सकाळी पोचेल अशी गाडी बघ, आणि मागच्या दारानं येऊन न्हाणीपाशी गुपचूप उभा राहा. आई पाटी घेऊन माझ्यासमोर बसेल. त्या दिवशी ती काय लिहिते, ते आपण दोघं मिळून वाचू.

वाट बघतो आहे,
बाबा