क्रेनच्या कुरणातील लढाईची खरी हकीकत

मी असाहेल टटल, वय सदुसष्ट, धंदा लाकडी पिंपे बनवण्याचा, राहणार मिल ब्रुक, कनेक्टिकट, हे मृत्युपत्र राजीखुशीने व पूर्ण शुद्धीत लिहितो. तब्येत ठणठणीत आहे. तरी घाई का, ते कलम तीनमध्ये येईल.

१. दुकान व रंधे पुतण्या एनॉस यास. त्याची पिंपे गळतात, ते त्याचे तो बघेल.

२. माझी बंदूक कोणासही द्यावी. तिने आजवर फक्त एक कोंबडी मारली आहे, तीही शेजाऱ्याची.

३. सन १७७९ च्या जुलैत, स्वातंत्र्ययुद्धात, इंग्लंडच्या राजाचे नऊ शिपाई गवत लुटायला क्रेनच्या कुरणात शिरले. आम्ही गावचे सतरा जण दगडी कुंपणाआड दबा धरून होतो. आमची तुकडी मतदान घेतल्याशिवाय शिंकतही नसे. कॅप्टन बल्कली कुजबुजले, "गुपचूप घरी जायचं, कोण कोण बाजूने?" सर्वात आधी माझा हात वर गेला, मग उरलेले सोळा. मोजणी संपेपर्यंत हात खाली आणायचा नाही, हा गावसभेचा नियम. शिपायांना वाटले, आम्ही शरण आलो. बंदुका खांद्याला अडकवून ते हसत हसत कुंपणाशी आले. बल्कलींची मोजणी दोनदा चुकली. ती संपून आमचे हात खाली बंदुकांवर आले, तेव्हा त्यांच्या नळ्या शिपायांच्या नाकाला टेकल्या होत्या. गोळी न झाडता नऊ कैदी!

गावाने ठरवले, ही युक्ती असाहेलची. सतराही जणांनी गप्प राहण्याची शपथ घेतली. त्याच वर्षी मी मेहिटेबल क्रेनला मागणी घातली. तिचा नवरा आधीच्या एका लढाईत पडलेला. ती म्हणाली, "शूराशी एकदा लग्न केलंय, आता पुरे." शपथेपायी मी चाळीस वर्षे मूग गिळून बसलो. माझ्याखेरीज शपथेतले शेवटचे उरलेले बल्कली परवा वारले. देव त्यांना सुखात ठेवो, फार सावकाश गेले.

म्हणून जाहीर करतो की मी पक्का भित्रा आहे.

४. घर व सफरचंदाची बाग मेहिटेबल क्रेन हिला, ती मला काहीही म्हणो.

मिल ब्रुक, ९ ऑक्टोबर १८१९
सही : असाहेल टटल

साक्षीदार :
१. पाद्री लेमुएल स्ट्राँग
२. (येथे मेहिटेबल क्रेन यांना बोलावले होते. त्यांनी कागद दोनदा वाचला, खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "मेल्या, आधी बोलला असतास तर नातवंडं खेळवली असती. मी सही करायची नाही. नवऱ्याच्या कागदावर बायकोची साक्ष चालत नाही. दुसरा माणूस बघ.")