अजून पातळ

३ मार्च

दादा आज परत आला. हल्ली असा येतो जशी काही ही शेड त्याच्या बापाची आहे — बाप एकच म्हणा आमचा!

गिटार त्याच्यासाठीच करतेय, मान्य. पण वरची फळी किती जाडीची ठेवायची हे मी ठरवणार. सगळा आवाज त्या एका फळीचा. जाड राहिली तर मुकी. फार पातळ झाली तर तारांच्या ओढीने वर्षभरात तिचं पोट सुटतं. मी २.८ मिलिमीटरवर आणलीये. त्याने जाडी मोजायच्या कॅलिपरकडे ढुंकून पाहिलं नाही. दोन्ही अंगठे मधोमध रोवले, फळी वाकवून पाहिली. "अजून पातळ कर."

दिवसभर लॅबमध्ये लोकांच्या कवळ्या घासते मी. केसभर चुकलं तर माणसाला घास चावता येत नाही. आणि हा मला अंगठ्याने जाडी शिकवणार. चहा विचारला नाही मी.

६ मार्च

२.६ केली. मनाविरुद्ध.

"अजून."

फळी चिमटीत धरून टकटक वाजवून दाखवली. काय सुरेख बोलत होती! "ऐक ना जरा," म्हटलं. हा खिडकीबाहेर बघतोय. मग माझ्या हातातून काढून घेतली, छातीला टेकवली. "आता वाजव." वाजवली. "नाही. इथं लागत नाही." इथं म्हणजे छातीत. कवी झालाय!

हॉटेलात संध्याकाळी वाजवायचा ते गेल्या वर्षी सोडलं. का, तर कंटाळा आला. रिकामा वेळ आहे, दुसरं काय. उंटावरून शेळ्या हाकायला मी सापडलेय.

८ मार्च

फोन उचलत नाही. मेसेज मात्र येतो — "किती झाली?" तोंडाला काय कुलूप घातलंय?

११ मार्च

जुनं सगळं वर येतंय. माझी पहिली गिटार त्याने पाहुण्यांसमोर उचलली, दोन सूर छेडले आणि म्हणाला, "छान आहे, स्वेटर ठेवायला होईल." सगळे हसले. मीही हसले, हे जास्त लागतं. दुसरी तर त्याने हातातही धरली नाही.

ही तिसरी. ही मला चांगली करायचीय. त्याच्यासाठी नाही — त्याचं तोंड बंद व्हावं म्हणून.

१३ मार्च

आज वहिनी आली. ती कधी मध्ये पडत नाही, आज पडली. "ताई, ते म्हणतात तशी करून टाका ना."

म्हटलं, त्याला हवी तशी २.२ वर नेली की फळी बसणार, आणि मग लोक म्हणणार बहिणीला येत नाही.

"वर्षभर टिकली तरी पुष्कळ आहे हो."

वर्षभर टिकायला ती काय चप्पल आहे? नवऱ्याचीच री ओढणार ही. बोलून दाखवलं तसं. ती शेडमधला भुसा झाडत बसली, मग गेली.

१५ मार्च

केलं एकदाचं!

फळी २.६ लाच ठेवली. आतल्या बाजूने पेन्सिलीने ठसठशीत लिहिलं — २.२. आणि तो यायच्या आत मागच्या आधारपट्ट्या चिकटवून टाकल्या. पट्ट्या बसल्या की फळी ताठ होते, अंगठ्याला काही कळत नाही. दाब म्हणावं आता!

आला. दाबली. आकडा वाचला. मग माझ्याकडे बघून हसला, लहानपणी हसायचा तसा. "केलीस तू," म्हणाला. डोक्यावर टपली मारली.

मला वाईट वाटलं नाही. मुळीच नाही. पाठीची फळी चिकटवून गिटारचं खोकं बंद केलं.

२ एप्रिल

दांडी बसवली. दादाचा मेसेज — "घाई कर." नोकर आहे मी त्याची!

१९ एप्रिल

पॉलिश बाकी आहे, पण तारा चढवल्या. त्याला दम नव्हता. आल्या आल्या मांडीवर घेतली, गाल लाकडाला चिकटवला, डोळे मिटले. पुन्हा नाटकं, म्हटलं मनात. आता बोलेल काहीतरी, मग मी आकडा तोंडावर फेकणार होते. २.६ आहे, शहाण्या, आणि तुला कळलं नाही.

वाजवायला लागला. दुसरी तार उतरली होती. नव्या तारा उतरतातच, पण ही चांगलीच उतरलेली, भसाभसा बेसूर. हा माणूस एका बेसूर तारेसाठी लग्नाच्या मांडवातून उठून गेलेला आहे. मी थांबले, आता थांबेल, आता खुंटी पिळेल. नाही. सगळं गाणं वाजवलं, शेवटपर्यंत, त्याच बेसूर तारेवर. वहिनी दारात उभी होती. माझ्याकडे बघून तिने मान खाली घातली.

त्याला ऐकू येत नाही.

गाल उचलून म्हणाला, "थोडी कमी लागते गं छातीला." मग माझा चेहरा बघून घाईघाईने, "तू केलीस ना पातळ, मग ते माझंच काहीतरी."

२० एप्रिल

लॅबला सुट्टी टाकली. तारा काढल्या. वरून खरवडतेय. अजून पातळ.