ठोंबीची ढुशी

प्रिय चिऊ,

आज तुझ्या ठोंबीला माझ्यातर्फे मूठभर पाला जास्त घाल. का, ते सांगते, पण माझ्या चालीने सांगणार. मधेच शेवट वाचायचा नाही.

बकऱ्यांना काय कळतं, काय वाटतं हे शोधायची नोकरी लागली म्हणालीस, तेव्हा आपल्या घरात किती हसाहशी झाली होती! हसले नाहीत ते एकटे तुझे बाबा. निदान बकऱ्यांना तरी कोणी विचारतंय, असं म्हणाले, अगदी गंभीर चेहऱ्याने. पुढे महिनाभर मी त्यांना विचारूनच भाजी करत होते.

अर्धांगवायूने त्यांचा उजवा हात गेला, वाचाही गेली. चहा आणि दूध समोर धरलं की डावा हात डावीकडच्याच कपाकडे जायचा. कप बदलले तरी डावीकडेच. आई, त्यांना आता काही कळत नाही गं, असं दादा डोळे पुसत म्हणाला. मग त्यांना शुश्रूषा केंद्रात कायमचं ठेवायचं ठरलं. कळतच नाही, तर इथे काय आणि तिथे काय. मीही हो म्हटलं.

काल केंद्रात न्यायच्या त्यांच्या सदऱ्यांच्या घड्या घालताना तुझी ठोंबी बकरी आठवली. सदा डावीकडचंच भांडं उघडायची म्हणून तुझ्या कामावरच्या सगळ्यांनी तिचं नाव ठोंबी ठेवलं. तू मात्र हटून बसलीस, की चूक आपल्या मांडणीची असेल. भांडी एकाखाली एक ठेवलीस आणि बाईसाहेबांनी दाणे असलेलं भांडं बरोबर दाखवलं. बिचारीला उजवीकडचं दिसतच नव्हतं! फार वेळा विचारलं की तुला ढुशी द्यायची, ते वेगळंच.

घड्या तशाच टाकून मी उठले. पुस्तकांच्या दोन फळ्या रिकाम्या केल्या. वर चहा, खाली दूध. हात चहाकडे गेला. अदलाबदल केली, तरी चहाकडेच! रडत रडत चहा पाजला. त्यात साखर घालायची राहिली होती, तेही त्यांच्या तोंडावर लगेच दिसलं. मग दादाला हाक मारली आणि खिडकीतल्या त्यांच्या खुर्चीचा फोटो आणि केंद्रातल्या खोलीचा फोटो असेच वरखाली ठेवले. दोन्ही वेळा बोट खुर्चीवर. दादाने तिथेच उभ्याउभ्या केंद्रात फोन करून नको म्हणून सांगितलं. तुझे किती उपकार मानू गं पोरी?

आणि हे पत्र मी माझ्या मनाने लिहीत नाहीये. हे आधी कोणाला कळवू, असं मी त्यांना विचारलं होतं. एक फोटो तुझ्या आत्याचा, एक तुझा. बोट तुझ्यावर. फोटो बदलले, तरी तुझ्यावरच. खात्री करावी म्हणून तिसऱ्यांदा विचारलं, तर कपाळाला आठ्या घालून त्यांनी माझा हात ढकलून दिला. एकच गोष्ट दोनदा विचारली की जन्मभर असेच चिडत आले. चिऊ, माझा नवरा घरातच होता गं.

तुझीच,
आई