येल्मरची राहिलेली शहरं

डेल्फ्ट, १४ मे

प्रिय वोबे,

तू बरा असशील, कोंबड्यांना वेळेवर दाणे पडत असतील आणि मी करून ठेवलेलं वाटाण्याचं सूप संपून तू पाव-चीजवर आला असशील, असं धरून चालते. मी ठीक आहे. गुडघा कुरकुरतो, पण पाठीवरची सॅक आता अंगवळणी पडली.

उट्रेख्त झालं, गाउडा झालं. मुक्काम स्वस्तातल्या वसतिगृहांत, एकेका खोलीत वर-खाली पलंग आणि सगळीकडे ओले मोजे वाळत घातलेले. उट्रेख्तला शेजारच्या पलंगावरच्या पोरीनं सकाळी मला अगदी काळजीनं विचारलं, मी घोरते हे मला माहीत आहे का. म्हटलं, नवरा लग्नापासून तेच सांगतोय. ट्राम आम्ही घेत नाही, चालतो. बाजार उठायच्या वेळेला गेलं की मासेवाला उरलेले तळलेले तुकडे कागदात बांधून देतो, तेच जेवण.

फोनवर तू दोनदा विचारलंस, हेन्नी कशी आहे. दोन्ही वेळा मी पावसाचं बोलले. मी तिच्याबरोबर निघाले असं तुला सांगितलं होतं, पण हेन्नी तिच्या घरी आहे, वोबे. माझ्या सांगण्यावरून ती तुझा फोन उचलत नाही, तिच्यावर रागावू नकोस.

माझ्याबरोबर मारेन आहे.

पत्र खाली ठेवू नकोस. वाच.

ही शहरं तिनं आणि आपल्या येल्मरनं ठरवलेली होती. लग्नाआधी एकदा असंच, खिशात फारसं काही नसताना हिंडायचं. येल्मर गेला आणि ते राहिलं. ईस्टरनंतर मी झ्वोलला तिच्या दारात जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, चल, आपण दोघी जाऊ. तिनं एवढंच विचारलं, "वोबेंना चालेल?"

"नाही चालणार," मी म्हटलं. "सॅक भर."

पहिले दिवस आम्ही नुसत्या रस्त्याबद्दल बोललो. डावीकडे की उजवीकडे, पाव कुणाच्या सॅकमध्ये. मग माझ्या लक्षात आलं, कालव्याकाठी ती कधी पाण्याच्या बाजूनं चालत नाही, आणि पूल आला की माझी बाही धरते. आज दुपारी इथल्या बाजारचौकात, चर्चच्या पायरीवर पाव खात बसलो होतो. मी सरळ विचारलं. तुझ्यासारखंच मीही इतके दिवस मानत होते, की तिच्याच हट्टापायी येल्मर त्या पुलाखालच्या बर्फावर गेला आणि बुडाला. म्हटलं, का नेलंस त्याला तिथं?

तिनं हातातला पाव कागदात गुंडाळून ठेवला. मग म्हणाली, "मी नाही नेलं. मी परत फिर म्हणत होते. तो हसला. म्हणाला, बाबांनी सांगितलंय, बर्फ पेलतोय."

"मग हे तेव्हाच का नाही सांगितलंस? सगळं गाव तुला बोल लावत होतं."

"वोबेंचा मुलगा गेला होता," ती म्हणाली. "वर आणखी हेही द्यायचं त्यांना?"

वोबे, गावातल्या पाण्यावरचा बर्फ माणसाला पेलण्याइतका जाड झाला का, ते तू मोजतोस. त्या सकाळीही तूच मोजलास. काठाशी तो पेलत होता, पुलाखाली नव्हता, आणि तू ते दोन्ही सांगितलं असणार, मी तुला ओळखते. पोरानं अर्धंच ऐकलं, लहानपणापासून ऐकायचा तसं. त्यात दोष तुझा नाही. पण तेव्हापासून तू बर्फात भोक पाडायच्या गिरमिटाला हात लावलेला नाहीस, आणि मारेनचं नाव निघालं की उठून शेडमध्ये जातोस. मला वाटायचं, तो राग आहे. आज त्या पायरीवर कळलं, की तुला भीती वाटते. तो तुझ्या शब्दावर गेला, हे तुझ्या मनात पहिल्या दिवसापासून आहे. आणि ते मनात धरून तू त्या मुलीला आपल्या दाराबाहेर ठेवलंस. तिनं मात्र तुला वाचवलं, तेही तुला कळू न देता.

मी हे लिहिलेलं तिला माहीत नाही. कळलं तर चिडेल. चिडू दे.

उद्या मिडेलबर्ग, तेवढं राहिलंय. शनिवारी दुपारच्या गाडीनं आम्ही दोघी घरी येतोय. स्टेशनवर आलास तर बरं वाटेल. नाही आलास तर चालत येऊ, चालायची सवय झाली आहे. तिच्याशी काय बोलायचं ते मी तुला शिकवणार नाही. काही सुचलं नाही तर कॉफी ठेव. पण दारातून तिला परत पाठवलंस, तर मीही तिच्याबरोबर परत जाईन, आणि मला न्यायला तुला झ्वोलला, तिच्या दारात यावं लागेल.

शनिवारपर्यंत तुझी, आणि पुढं तू ठरवशील तशी,

रिन्स्के